वाचक विचारतात : प्रागच्या दाराशी असलेलं रोस्तोकी

मागच्या अंकात प्रागवर लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की प्रागमध्ये नोकरी करणारे कितीतरी लोक राहतात मात्र बाहेर, रोस्तोकीसारख्या छोट्या गावांत, आणि सकाळी ट्रेन पकडून येतात. बाकी लेख बाजूला राहिला आणि या एका वाक्यावरच प्रश्न आले. कुणाची मुलं तिथे राहतात, कुणी स्वतः राहतं, कुणाला इतिहासाच्या अभ्यासात नाव भेटलंय. तेव्हा या महिन्याचा सगळा कॉलम रोस्तोकीला. प्रश्न थोडे छाटलेत, नावं काढून टाकलीत.

मुलगा प्रागला आयटीत आहे, लग्नानंतर दोघं रोस्तोकीला राहायला गेले. मुलगा म्हणतो "आई, प्रागच समज", सून म्हणते गाव आहे. नक्की आहे काय आणि कुठे आहे?

काकू, सुनेचं जास्त बरोबर आहे. रोस्तोकी प्रागचा भाग नाही, त्याची स्वतःची नगरपालिका आहे, स्वतःचा महापौर आहे, वस्ती नऊ हजारांच्या आसपास. पण प्रागची उत्तरेकडची हद्द संपते तिथे हे सुरूच होतं, त्यामुळे मुलगाही अगदी खोटं बोलत नाहीये. जिल्हा "प्राग-पश्चिम", आणि गंमत म्हणजे या जिल्ह्याला स्वतःचं असं मुख्य शहर जिल्ह्याच्या आत नाहीच, त्याचं केंद्र म्हणजे खुद्द प्राग, जे जिल्ह्याच्या बाहेर आहे. सरकारी नकाशे काढणाऱ्यांनाही शेवटी प्रागला टाळता आलेलं नाही.

आता नकाशा उघडा. व्लताव्हा नदी प्रागमधून ऐटीत वाहत उत्तरेला बाहेर पडते आणि तिथे एका अरुंद दरीत शिरते, दोन्ही बाजूंना उंच कडे. त्या दरीच्या डाव्या काठावर रोस्तोकी. आणि हे गाव दोन मजली आहे असं समजा, म्हणजे खाली नदीकाठी रेल्वे, रस्ता, जुनी गढी, कारखान्याची आवारं, आणि वर पठारावर बहुतेक घरं, सोलनिकीसारख्या नव्या वसाहती, उत्तरेला लागून झालोव्ह, जे पूर्वी वेगळं गाव होतं आणि आता रोस्तोकीतच धरतात. वरून खाली यायचं तर उतार, खालून वर जायचं तर दम लागतो. फोनवर मुलाला एवढंच विचारा की वर राहतोस की खाली, त्याच्या रोजच्या दिवसाचा अर्धा अंदाज तुम्हाला तेवढ्यावरून येईल.

अजून एक गोष्ट नकाशात बघा, माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. प्राग सोडलं की खाली थेट क्रालुपी या नदीकाठच्या पुढच्या शहरापर्यंत व्लताव्हावर मोटारींसाठी पूल नाही. समोरचा काठ डोळ्यांना दिसतो, तिथली घरं दिसतात, पण गाडीने जायचं तर प्रागमध्ये उलटं शिरा नाहीतर क्रालुपीला वळसा घाला. प्रागचा रिंगरोड उत्तरेला अजून जोडला गेलेला नाही, त्याचा व्लताव्हावरचा पूल वर्षानुवर्षं वादात अडकलाय, आसपासच्या वस्त्यांना तो आपल्या उशाशी नकोय. त्यामुळे रोस्तोकी एका बाजूने प्रागला चिकटलेलं आणि दुसऱ्या बाजूने नदीला अडलेलं असं आहे.

पुढच्या महिन्यात जॉईन होतोय. ऑफिस प्रागच्या मध्यावर. रोस्तोकीहून रोजचं अप-डाऊन जमेल का? ट्रेन बरी की बस?

जमेल, आरामात जमेल. एस४ नावाची लोकल मासारिक स्टेशन ते क्रालुपी अशी धावते आणि वाटेत रोस्तोकीला थांबते, झालोव्हलाही वेगळा थांबा आहे. मासारिक स्टेशन म्हणजे प्रागच्या अगदी पोटात, तिथपर्यंत साधारण वीस मिनिटं. मध्ये पोदबाबा नावाचा थांबा लागतो, तो २०१४ मध्ये सुरू झाला, तिथे उतरून लगेच ट्राम मिळते, हे लक्षात ठेवा कारण ऑफिस देय्वित्से बाजूला असेल तर मासारिकपर्यंत जायची गरजच नाही. बस हवी तर देय्वित्स्का मेट्रोवरून रोस्तोकीच्या बसेस सुटतात. मेट्रोची ए लाईन १९७८ मध्ये देय्वित्स्कापर्यंत आली तेव्हापासून या बाजूच्या गावांचं नशीबच बदललं. तिकीट एकच चालतं, ट्रेन बस ट्राम मेट्रो सगळं एका व्यवस्थेत, झोनप्रमाणे पास काढायचा, अ‍ॅपवर मिळतो.

पण ट्रेन की बस हा प्रश्न वेळेचा नाहीये, चढाचा आहे. स्टेशन खाली नदीकाठी, घर बहुतेक वर. ट्रेन ट्रॅफिकमध्ये अडकत नाही हे खरं, पण संध्याकाळी दमून उतरलात की समोर चढ उभा, आणि जानेवारीत त्यावर बर्फ गोठलेला असला की प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागतं. बस वर येते, घराजवळ सोडते, मात्र सकाळी गाड्यांच्या रांगेत तीही उभी राहते. मी पाहिलंय की जुने लोक सकाळी ट्रेनने उतरतात आणि संध्याकाळी बसने परततात, आणि हाच शहाणपणा आहे.

आणि हो, तिकीट काढताना किंवा नकाशात टाकताना पूर्ण नाव बघा, "रोस्तोकी उ प्राही". कारण "रोस्तोकी उ क्रिव्होक्लातू" नावाचं दुसरं गाव आहे, ते बेरोउन्का नदीवर, जंगलात, वेगळ्याच लाईनवर. जागा सुंदर आहे, पण पहिल्याच दिवशी ऑफिस सोडून तिथे पोचायला नको.

आम्ही दोन वर्षं अशाच एका प्रागजवळच्या गावात भाड्याने राहतोय. शेजारी सारखे मागे लागतात की पत्ता इथेच नोंदवा. त्यांना काय फरक पडतो?

त्यांना खूप पडतो. चेक पद्धतीत देशभर गोळा होणाऱ्या करातला वाटा नगरपालिकांना मिळतो आणि त्यात नोंदलेल्या रहिवाशांचा आकडा मोठी भूमिका बजावतो. आता असं धरा की माणूस रोस्तोकीत राहतो, तिथला कचरा उचलला जातो, तिथल्या रस्त्यावर त्याची गाडी उभी, पोरगं तिथल्या बालवाडीत, पण कागदावर तो अजून प्रागचा किंवा बर्नोचा, तर त्याच्या नावाचे पैसे तिकडे जातात आणि खर्च इकडे पडतो. प्रागभोवतीच्या सगळ्याच गावांचं हे जुनं दुखणं आहे. १९९० नंतर लोकांनी शहराबाहेर घरं बांधायला सुरुवात केली, भराभर वसाहती उठल्या, घरं आधी आली आणि शाळा, बालवाड्या, गटारं मागून धापा टाकत आली.

तुमचाही यात फायदा आहे बरं का. सरकारी शाळेत प्रवेशाला त्या भागात नोंद असलेल्या मुलांना आधी घेतात, आणि गर्दीच्या गावांत नोंद नसलेल्याला जागा मिळणं अवघड. परदेशी नागरिकांचे नोंदणीचे नियम व्हिसाच्या प्रकाराप्रमाणे वेगळे असतात, ते मात्र गृहखात्याच्या ऑफिसातच विचारा, शेजाऱ्याला नको.

भाचा म्हणतो रोस्तोकी प्रागपेक्षाही जुनं आहे. थापा मारतोय ना?

थापा नाही, पण वाक्य थोडं सरळ करून घ्यायला हवं. माणसं प्रागच्या जागीही फार जुन्या काळापासून राहत होती, तेव्हा "जुनं" म्हणजे काय यावर भांडण होईल. खरी गोष्ट अशी की चेक राजघराण्याची गादी प्रागला जायच्या आधी इथे होती.

झालोव्हच्या पलीकडे नदीवर पुढे आलेलं एक खडकाळ टोक आहे, त्याला लेव्ही ह्रादेत्स म्हणतात. तीन बाजूंनी उतार, खाली व्लताव्हा, चौथ्या बाजूला तट घातला की झाला किल्ला. नवव्या शतकात प्शेमिस्ल घराण्याचा बोर्झिवोय इथे बसायचा, हा इतिहासात पुराव्याने सापडणारा पहिला चेक राजा म्हणा, खरं तर ड्यूक. त्याने पूर्वेला शेजारच्या मोराव्हियात जाऊन ख्रिस्ती धर्म घेतला, आणि जुन्या आख्यायिकेप्रमाणे कायख नावाचा एक पुजारी सोबत आणून लेव्ही ह्रादेत्सला संत क्लेमेंटचं चर्च उभारलं. बोहेमियातलं, म्हणजे चेक देशाच्या पश्चिम भागातलं, हे पहिलं चर्च. आख्यायिका पुढे सांगते की लोक खवळले, नवा धर्म नको म्हणून उठाव झाला, बोर्झिवोयला परत मोराव्हियात पळावं लागलं, तिथे त्याने नवस बोलला की परत जाता आलं तर मेरीचं चर्च बांधीन, आणि परतल्यावर ते बांधलं ते मात्र प्रागच्या टेकडीवर, जिथे आज तो मोठा किल्ला उभा आहे. म्हणजे दुसरं चर्च प्रागला, पहिलं इथे. ८८० च्या दशकात गादीही तिकडे सरकली.

आता आख्यायिका ती आख्यायिका, तिच्यावर किती विसंबायचं? तर १९४० च्या सुमाराला इव्हान बोर्कोव्स्की या पुरातत्त्ववाल्याने इथे खोदकाम केलं आणि आत्ताच्या चर्चच्या फरशीखाली एका लहानशा गोल चर्चचा पाया मिळाला. वरचं चर्च नंतरच्या काळात अनेकदा बदललेलं आहे, आत चौदाव्या शतकातली भिंतीवरची चित्रं आहेत, पण माझं विचाराल तर खरी मजा त्या फरशीखालच्या गोलात आहे. राजधानीचं मोठेपण मिरवायला एवढीशी जागा! आत मोजकी माणसं मावली असतील, बाकी सगळे बाहेर वाऱ्यात उभे.

गादी गेली तरी जागा लगेच ओस पडली नाही. ९८२ मध्ये प्रागचा दुसरा बिशप निवडायचा होता, ती सभा प्रागला नाही, लेव्ही ह्रादेत्सला भरली. निवडले गेले ते व्होय्त्येख, पुढे ९९७ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रशियन लोकांत धर्मप्रसार करताना मारले गेले आणि संत झाले, पोलंडमध्येही त्यांना फार मानतात. बाराव्या शतकातल्या कोस्मासच्या बखरीत ही निवड नोंदलेली आहे. त्यानंतर हळूहळू किल्ल्याचं महत्त्व उतरत गेलं आणि आज तिथे चर्च, दफनभूमी, गवत आणि कुत्रे फिरवणारी मंडळी.

भाच्याला अजून एक सांगा. गादीच्याही आधी, सहाव्या शतकात, स्लाव्ह लोक या भागात नव्याने आले तेव्हाची एक प्रचंड वस्ती रोस्तोकीतच नदीकाठी सापडली आहे, अर्धी जमिनीत खणलेली चौकोनी घरं, कोपऱ्यात दगडी चूल, अशी शेकडो. त्या काळातली एवढी मोठी वस्ती युरोपात क्वचितच मिळते. तेव्हा तो म्हणतो त्यात दम आहे.

एमएला पुरातत्त्व आहे. "ऊन्येतित्से संस्कृती" वाचताना शेजारी रोस्तोकीचं नाव आलं. संबंध काय?

संबंध एका डॉक्टरमुळे आहे. ऊन्येतित्से हे रोस्तोकीला खेटून असलेलं छोटं गाव, ओढ्याच्या काठाने चालत जाता येतं. रोस्तोकीत चेनेक रीझनर नावाचे वैद्यकीय डॉक्टर होते, पेशंट बघून उरलेल्या वेळात खोदकाम करायचे. १८७० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी ऊन्येतित्सेजवळ एक दफनभूमी खणली, पाय दुमडून कुशीवर झोपवलेले सांगाडे, सोबत मडकी, ब्राँझच्या पिना. त्यावरून अख्ख्या मध्य युरोपातल्या सुरुवातीच्या ब्राँझयुगीन संस्कृतीला या गावाचं नाव पडलं, काळ साधारण इसवीसनपूर्व २३०० ते १६००. जर्मनीत १९९९ मध्ये सापडलेली नेब्राची ती सूर्य-चंद्र-ताऱ्यांची प्रसिद्ध ब्राँझची चकती माहीत असेलच, ती याच संस्कृतीच्या लोकांशी जोडतात.

आणि तुमच्या नोट्समध्ये अजून एक ओळ टाका, परीक्षेत चमकेल. झालोव्हजवळ र्झिवनाच नावाची टेकडी आहे, तिच्यावरून "र्झिवनाच संस्कृती" असं नाव पडलेलं आहे, ती ऊन्येतित्सेपेक्षाही जुनी, इसवीसनपूर्व ३००० च्या पुढेमागे. म्हणजे चालत फिरता येईल एवढ्या पट्ट्यात दोन पुरातत्त्वीय संस्कृत्यांचं नामकरण झालंय. इथेच इतकं का, याचं उत्तर पुन्हा त्या दोन मजल्यांत आहे, वर पठारावर वाऱ्याने आणून टाकलेली मऊ सुपीक माती, जी लाकडी नांगरालाही दाद देते, आणि खाली नदी, मासे, वाहतूक. दोन्ही हाताशी असलेली जागा माणूस सहसा सोडत नाही.

फोटोंत रोस्तोकीचे लाकडी व्हरांडे असलेले सुंदर जुने बंगले दिसतात. एवढ्या छोट्या गावात हे श्रीमंत कोण?

प्रागचेच. १८५० मध्ये प्राग ते लोवोसित्से रेल्वे सुरू झाली, पुढच्या वर्षी ती ड्रेस्डेनपर्यंत गेली. दरीत दुसरीकडे कुठे जागाच नव्हती म्हणून रूळ नदीच्या कडेकडेनेच टाकले, आणि त्यामुळे रोस्तोकी प्रागपासून एकदम काही मिनिटांवर आलं. मग प्रागचे वकील, व्यापारी, प्राध्यापक उन्हाळ्यात बायकापोरांना इथे आणून ठेवायला लागले, स्वतः सकाळी ट्रेनने शहरात आणि संध्याकाळी परत. म्हणजे तुमचा-आमचा अप-डाऊन करणारा माणूस इथे पहिल्यांदा उगवला तो हॅट घालून. आधी लोक खोल्या भाड्याने घ्यायचे, मग ऐपत असलेल्यांनी बंगले बांधले, बहुतेक तिखे ऊदोली नावाच्या बाजूच्या दरीत, जिच्यातून ऊन्येतित्सेचा ओढा येतो. मनोरे, नक्षीचे लाकडी सज्जे, उतरती छपरं. काही बंगले आज देखणे राखलेत, काहींकडे बघून जीव हळहळतो.

या दरीतलं सगळ्यात लाडकं नाव म्हणजे चित्रकार झ्डेंका ब्राउनेरोव्हा (१८५८ ते १९३४). वडील फ्रांतिशेक आउगुस्त ब्राउनेर हे वकील आणि १८४८ च्या चळवळीतले राजकारणी, त्यांची रोस्तोकीत गिरणी होती, पाणचक्कीची. मुलगी पॅरिसला जाऊन शिकली, त्या काळात बाईने चित्रकार म्हणून जगणं सोपं नव्हतं, लग्न केलं नाही, रोस्तोकीत स्वतःचा स्टुडिओ बांधला, आणि फ्रान्स व प्राग यांच्यात आयुष्यभर ये-जा करत राहिली. १९०२ मध्ये शिल्पकार रोदँचं मोठं प्रदर्शन प्रागला झालं आणि रोदँ स्वतः आला, त्या सगळ्या खटाटोपात ती पुढे होती. या बाईवर मी वेगळा लेख लिहायला बसले तर संपादक जागा देणार नाहीत, म्हणून इथेच थांबते.

फार्मसीला आहे. रोस्तोकी आणि पेनिसिलिनचा काहीतरी संबंध आहे असं सरांनी ओझरतं सांगितलं.

आहे. युद्धाच्या काळात, जर्मन ताब्यात असताना, प्रागच्या एका औषध कंपनीतल्या संशोधकांनी गुपचूप स्वतःचं पेनिसिलिनसारखं औषध काढलं होतं, "मायकोइन" नावाने, पण ते थोडंथोडं, प्रयोगशाळेच्या मापाने. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने, उन्राने, काही देशांना पेनिसिलिन बनवायचे प्लांट दिले, त्यातला चेकोस्लोव्हाकियाचा रोस्तोकीत उभा राहिला आणि १९४९ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे तिथेच अँटिबायोटिक्सची संशोधन संस्था निघाली. औषधनिर्मिती या गावात आजही चालू आहे. गावाने मग रंगच बदलला, उन्हाळी बंगल्यांच्या शेजारी कामगारांच्या आणि केमिस्टांच्या इमारती आल्या.

स्टेशनवर एप्रिल १९४५ ची आठवण आहे असं ऐकलं. काय झालं होतं?

२९ एप्रिल १९४५. युद्ध संपायला दहा दिवसही उरले नव्हते. लितोम्येर्झित्सेच्या छळछावणीतून हजारो कैद्यांना दक्षिणेकडे नेणारी एक लांबच लांब मालगाडी, बरेचसे डबे कोळशाचे, वरून उघडे, रोस्तोकीच्या स्टेशनात येऊन थांबली. माणसं दिवसचे दिवस उपाशी, कुणी मेलेले, कुणी टायफसने, म्हणजे उवांतून पसरणाऱ्या जीवघेण्या तापाने, फणफणलेले. पहारा एसएसचा, म्हणजे हिटलरच्या खास सशस्त्र दलाचा होता.

गावातले लोक स्टेशनकडे धावले. भाकऱ्या नाही, पाव, सूप, दूध, कपडे, ज्याच्या घरात जे होतं ते. यान नायडर नावाचे स्टेशनमास्तर होते, मदत उभी करण्यात त्यांचं नाव पुढे येतं. डॉक्टर आले, नर्सेस आल्या, पहारेकऱ्यांशी हुज्जत घालून आजाऱ्यांना खाली उतरवून घेतलं, आणि त्या गोंधळात शेकडो कैदी गाडीतून निसटले किंवा सोडवले गेले. पळालेल्यांना घरांत लपवलं, आणि टायफसच्या रोग्याला घरात घेणं म्हणजे काय हे कुणाला वेगळं सांगायला नको. हे सगळं भर दिवसा, बंदुकांसमोर. कुणीतरी फोटोही काढले, म्हणून आज ते डबे, त्या फलाटावर टोपल्या घेऊन उभ्या बाया आपल्याला दिसतात.

गाडी पुढे प्रागला गेली, तिथेही लोकांनी मदत केली, मग दक्षिणेला निघाली, आणि उरलेल्या कैद्यांची सुटका ८ मेला वेलेशीन गावाजवळ झाली. एस४ ची वाट बघत लोक आज ज्या स्टेशनात उभे असतात, ते हेच.

रोस्तोकीत फ्लॅट बघतोय. नदीकाठचा स्वस्त वाटतो. घ्यावा का?

२००२ चा ऑगस्ट आठवा. व्लताव्हाचा प्रागमधला सरासरी प्रवाह सेकंदाला साधारण १५० घनमीटर, त्या पुरात तो ५,१०० च्या वर गेला होता, प्रागची मेट्रो बुडाली, आणि ते सगळं पाणी या अरुंद दरीतूनच पुढे गेलं. नदीकाठच्या गढीला, म्हणजे आजच्या म्युझियमला, त्याचा चांगलाच फटका बसला. २०१३ मध्ये पुन्हा पूर आला, तुलनेत कमी. चेक विमा कंपन्या पुराच्या धोक्याप्रमाणे जागेला १ ते ४ असे झोन देतात, एजंटच्या गोड बोलण्याला फसू नका, आधी तो आकडा विचारा, ४ असेल तर विमा महाग किंवा नाहीच. शिवाय खाली रेल्वे आहे, लोकल थांबते पण बर्लिन-ड्रेस्डेनच्या एक्सप्रेस आणि मालगाड्या न थांबता धडधडत जातात. वर घेतलात तर पूर नाही, मात्र विमानतळ फार लांब नाही, तो आवाज अधूनमधून येतो. मी असते तर वरचा घेतला असता.

जूनमध्ये लेकीकडे जातेय. एक रविवार रोस्तोकीत काय करू? गुडघे बरे आहेत.

गुडघे बरे असतील तर मजा आहे. सकाळी गढीतल्या म्युझियमपासून सुरू करा. मूळची मध्ययुगीन पाण्याने वेढलेली गढी, पुढे वाढवत नेलेली, एकोणिसाव्या शतकात लिख्टेनश्टाइन घराण्याकडे होती. या म्युझियमची एक गोष्ट सहसा कुणाला माहीत नसते, यांच्याकडे गॅमा किरणांचं युनिट आहे, कोबाल्टवर चालणारं. कीड लागलेल्या लाकडी मूर्ती आणि जुनं फर्निचर देशभरातून इथे येतं, किरणांखाली ठेवलं की आतली अळी मरते आणि लाकडाला धक्का लागत नाही. ते बघायला मिळेलच असं नाही, पण लेकीला सांगायला चांगलं.

तिथून तिखे ऊदोलीत शिरा, बंगले बघत ओढ्याच्या काठाने चालत राहा, वस्ती संपून राखीव जंगल लागतं, आणि शेवटी ऊन्येतित्से. तिथली जुनी ब्रुअरी २०११ मध्ये पुन्हा सुरू झालीय, रविवारी अर्धं प्राग तिथे बसलेलं असतं, तुम्ही बिअर घेत नसाल तर जेवण घ्या, पण बाराच्या आत पोचा. परत येऊन अंगात जोर असेल तर लेव्ही ह्रादेत्स, संध्याकाळचं ऊन तिथून नदीवर छान दिसतं, चर्च मात्र आतून बघायचं तर उघडायच्या वेळा आधी बघून ठेवा, एरवी कुलूप असतं.

नाहीतर दुसरा बेत, जावयाला सायकली काढायला लावा. रोस्तोकीच्या काठावरून पलीकडे क्लेत्सांकीला छोटी नाव जाते, माणसं आणि सायकली दोन्ही घेते, आणि उजव्या काठाने सपाट रस्ता थेट प्रागच्या त्रोया भागापर्यंत, चढ नाही, गाड्या नाहीत. पाणी फार वाढलं की नाव बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या आधी चालू आहे का ते बघायला सांगा.